सात घरांचा चौक : बेलापूर येथील एका वसाहतीचा इतिहास व बोध

'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. एक घर उभारताना माणसाची ऐपत, चिकाटी आणि स्वभाव या तिन्हींची परीक्षा होते, असा तिचा आशय आहे. परंतु एकदम पाचशे घरे कशी बांधावीत, याविषयी आपल्याकडे म्हण नाही. आणि ते स्वाभाविकच आहे. वाडा एक कुटुंब बांधीत असे, आळी आपोआप वाढत असे, आणि गाव तर पिढ्यानुपिढ्या घडत असे. संपूर्ण वसती आधी कागदावर रेखावी, तीत रस्ते, अंगणे, शाळा व घरे यांच्या जागा ठरवाव्यात आणि मग माणसांनी तेथे राहावयास जावे, ही विद्या त्या मानाने अलीकडची आहे.

या विद्येचा विचार आज आपल्या स्मरणिकेत करण्यास कारण घडले आहे. आपल्या संस्थेच्या सभांतून गेली काही वर्षे दोन विषय वारंवार निघतात. पहिला, ज्ञातिबांधवांसाठी एखादी वसाहत उभारावी काय, हा. आणि दुसरा, आपली अनेक कुटुंबे ज्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात त्यांच्या पुनर्विकासाचा. दोन्ही विषयांवरील चर्चा आम्ही लक्षपूर्वक ऐकल्या आहेत. त्यांत भिंतींच्या आत किती चौरस फूट मिळणार, याचा खल तासन्‌तास चालतो. भिंतींच्या बाहेर काय मिळणार, हा प्रश्न मात्र एकाही सभेत कोणी विचारल्याचे आमच्या स्मरणात नाही. नवी मुंबईतील बेलापूर येथे सुमारे चाळीस वर्षांपूर्वी जी एक वसाहत आखली गेली, तिचा सारा भर याच दुसऱ्या प्रश्नावर होता. म्हणून तिचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वपीठिका

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या, उजेडवारा नसलेल्या घरांतून ती झपाट्याने पसरली, आणि सरकारला शहराच्या रचनेकडे लक्ष देणे भाग पडले. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे दादर, माटुंगा या भागांत रुंद रस्ते, मोजून पाडलेले भूखंड आणि राखून ठेवलेल्या बागा यांची जी रचना दिसते, ती याच ट्रस्टच्या योजनांचे फळ होय. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावे त्याच काळातील आहेत.

याच सुमारास सहकाराच्या मार्गाने घरे बांधण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि त्यात ज्ञातिसंस्थांनी पुढाकार घेतला. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नाने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आपल्या देशातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. ज्ञातीच्या आधारे घरे का बांधली गेली, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सहकारी संस्थेत एकाचे कर्ज हे सर्वांची जोखीम असते. शहरात नव्याने आलेल्या, परस्परांस न ओळखणाऱ्या माणसांना एकमेकांविषयी विश्वास कोठून यावा? तेव्हा नात्यागोत्याची ओळख हेच तारण ठरले. या गोष्टीकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा वळणार आहोत.

परदेशातही त्या काळी वसतीच्या रचनेचा विचार नव्याने होऊ लागला होता. इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड याने उद्याननगरीची कल्पना १८९८ साली मांडली. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात १९२९ साली रॅडबर्न ही वसाहत आखण्यात आली. मोटारींचे रस्ते आणि पायवाटा तीत एकमेकांपासून वेगळ्या काढल्या आणि घरांची तोंडे रस्त्याकडे न ठेवता बागेकडे वळविली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे चंदीगड उभे राहिले. १९५१ पासून ल कॉर्ब्यूझिए याने आखलेल्या त्या शहराचा सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असून तो आपल्यापुरता स्वयंपूर्ण असावा, अशी योजना होती. मात्र तेथील सरकारी घरे मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत हुद्द्यांच्या पायऱ्यांप्रमाणे तेरा प्रतींत विभागली गेली. नव्या युगाच्या शहरातही जुनी उतरंड अशी मागच्या दाराने आत आली, हे ध्यानात ठेवावे.

खाडीपलीकडचे शहर

१९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ४१ लाखांच्या वर गेली. बेट चिंचोळे, त्यात नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि राहणारी माणसे उत्तरेला, अशी स्थिती. या अडचणीतून वाट काढण्याचा विचार महाराष्ट्रातील जाणत्यांनी पूर्वीच आरंभिला होता. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ साली ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वसविण्याची शिफारस केली. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबईबाहेरील प्रदेशाच्या विकासावर भर दिला.

१९६५ साली 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकातून तिघांनी एक योजना लोकांपुढे मांडली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल हे ते तिघे होत. खाडीपलीकडे मुंबईचे नुसते उपनगर न वसविता मुंबईच्या तोडीचे दुसरे शहरच उभारावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरकारने ही कल्पना स्वीकारली. १९७० च्या मार्च महिन्यात सिडको या मंडळाची स्थापना झाली, आणि पहिली काही वर्षे कोरिया यांनी तेथे मुख्य वास्तुविशारद म्हणून काम पाहिले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आणि त्यातील ९५ गावे या शहरासाठी निश्चित झाली.

चार्ल्स कोरिया यांचे घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेस झाला आणि २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे त्यांचे आरंभीचे गाजलेले काम. उंच इमारतींचे ते वैरी होते असे मात्र कोणी समजू नये. मुंबईतील कांचनजंगा ही २८ मजल्यांची इमारत त्यांनीच आखली, आणि ती पूर्ण झाली १९८३ साली. तीत अवघ्या ३२ कुटुंबांची सोय आहे. आणि त्याच वर्षी त्यांनी बेलापूरच्या वसाहतीचे काम हाती घेतले! एकाच माणसाच्या हातून एकीकडे बत्तीस धनिकांसाठी मनोरा आणि दुसरीकडे सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी बैठी घरे, असे दोन आराखडे एकाच काळात निघावेत, हा योगायोग मोठा बोलका आहे.

आराखड्याचे मर्म

बेलापूरचे नाव इतिहासाच्या वाचकांना अपरिचित नाही. खाडीच्या मुखाशी असलेला तेथील किल्ला चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. डोंगराच्या पायथ्याशी, आजच्या नवी मुंबईच्या सेक्टर ८ मध्ये, सुमारे ६ हेक्टर म्हणजे १५ एकर जमिनीवर १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत सिडकोसाठी बांधली गेली. मधून एक ओढा वाहतो. लोक तिला 'आर्टिस्ट व्हिलेज' या नावाने ओळखतात. नावावरून ती केवळ चित्रकार व मूर्तिकारांची वसाहत वाटेल. परंतु आराखड्याचा हेतू त्याहून पुष्कळ व्यापक होता.

वसाहत आखताना सामान्यतः प्रथम रस्ते काढतात, रस्त्यांच्या कडेने भूखंड पाडतात, आणि उरलेल्या कोपऱ्याला बाग म्हणतात. येथे क्रम उलट आहे. येथे आरंभ मोकळ्या जागेपासून झाला. प्रत्येक घराला स्वतःचे लहानसे अंगण. मग सात घरे एका चौकाभोवती बसविलेली. हा चौक सुमारे ८ मीटर लांब व ८ मीटर रुंद. अशा तीन चौकांची मिळून एकवीस घरे, आणि त्यांच्यामध्ये सुमारे १२ मीटरांचा मोठा चौक. अशा तीन गटांची मिळून त्रेसष्ट घरे, आणि त्यांच्यात सुमारे २० मीटरांचे पटांगण. ही चढती श्रेणी पुढे वाढत जाऊन संपूर्ण वसाहतीच्या सामाईक जागेपर्यंत पोहोचते. शाळा व इतर सार्वजनिक सोयींची योजना तेथे केली आहे.

आमचा जन्म शाळेच्या फळ्यावर भूमितीच्या आकृत्या काढण्यात गेला. तरी या आराखड्यातील खरी खुबी आकृतीत नसून माणसाच्या स्वभावाच्या ज्ञानात आहे, असे आम्हांस वाटते. मूल रांगू लागले की अंगणात येते. चालू लागले की चौकात जाते. सवंगडी मिळाले की मोठ्या चौकात. आणि शाळेत जाऊ लागले की पटांगणात. घरातून एकदम हमरस्त्यावर, असा प्रसंग त्याच्यावर येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात हीच वाट उलट दिशेने चालावी लागते. पटांगणापर्यंतचे फिरणे बंद पडले तरी चौक उरतो. चौकही झेपेनासा झाला म्हणजे अंगण उरते. आपल्या जुन्या घरांतील माजघर, ओसरी, ओटा, अंगण आणि आळी यांची रचना याहून फार निराळी होती काय?

दुसरी गोष्ट उष्ण हवेची. आपल्याकडे पावसाळा सोडला तर वर्षातील बहुतेक महिने उघड्या आभाळाखालची जागा खोलीइतकीच कामाची असते. धान्य निवडावे, वाळवण घालावे, मुलांनी अभ्यास करावा, रात्री बाज टाकून झोपावे. लहान घराला अंगण जोडले म्हणजे एक खोली जवळजवळ फुकट मिळते, कारण तिला छप्पर घालावे लागत नाही. उंच इमारतीत ही खोली हरवते. तिच्या बदल्यात लोखंड, सिमेंट आणि लिफ्ट यांचा खर्च मात्र वाढतो. दाट वस्तीसाठी उंच बांधणे अपरिहार्य आहे, या समजाला बेलापूरने उत्तर दिले. शाळा व मोकळ्या जागा धरूनही दर हेक्टरी सुमारे ५०० माणसे बैठ्या घरांत राहू शकतील, असा हा आराखडा होता.

तिसरी गोष्ट वाढीची. येथे शेजारच्या घराशी सामाईक भिंत नाही. प्रत्येक घर आपापल्या भूखंडावर स्वतंत्र उभे असल्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता खोली वाढविता येते. आज ऐपत नाही तर एक खोली. मुलगा मिळवता झाला की दुसरी. सून आली की माडी. उतरत्या छपरांची ही साधी घरे गावचा गवंडी व सुतारही बांधू शकेल आणि बदलूही शकेल, अशीच मुद्दाम योजिलेली होती. त्यामुळे बांधकामाचा पैसा मोठ्या कंत्राटदाराकडे न जाता लहान कारागिराच्या घरी जावा, हाही उद्देश होता.

हिशेबाची गोष्ट

आता थोडा हिशेब मांडू. कारण हिशेबावाचून आपल्या सभांत कोणाचे समाधान होत नाही.

या वसाहतीतील सर्वांत स्वस्त घराची किंमत त्या वेळी २०,००० रुपये आणि सर्वांत महाग घराची १,८०,००० रुपये धरली होती. म्हणजे ऐपतीत नऊपटीचे अंतर. परंतु भूखंड पाहावेत तर सर्वांत लहान ४५ चौरस मीटरांचा आणि सर्वांत मोठा ७५ चौरस मीटरांचा. म्हणजे जमिनीत दुपटीचेही अंतर नाही. श्रीमंताने घर मोठे व चांगले बांधावे; परंतु भुईवरचा हक्क मात्र सर्वांचा जवळजवळ सारखा, हे तत्त्व. चंदीगडच्या तेरा प्रतींशी याची तुलना वाचकांनीच करावी.

दुसरा हिशेब आम्ही स्वतः मांडून पाहिला. ८ मीटरांच्या चौकाचे क्षेत्रफळ ६४ चौरस मीटर. ते सात घरांत वाटले तर प्रत्येकी ९ हून थोडे अधिक. १२ मीटरांच्या चौकाचे १४४. ते एकवीस घरांत वाटले तर प्रत्येकी ७ च्या जवळ. २० मीटरांच्या पटांगणाचे ४००. ते त्रेसष्ट घरांत वाटले तर प्रत्येकी ६ हून अधिक. बेरीज केली तर प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास सुमारे २२ चौरस मीटर, म्हणजे २४० चौरस फूट सामाईक मोकळी जागा येते. दहा बाय बाराच्या चाळीतील खोलीच्या ही दुप्पट झाली! ४५ चौरस मीटरांच्या भूखंडाच्या धन्याला आपल्या मालकीच्या जवळजवळ निम्म्याएवढी जागा शेजाऱ्यांच्या जोडीने मिळाली. ही जागा त्याच्या खरेदीखतात त्याच्या नावाने लिहिलेली नसेल. परंतु त्याच्या मुलांच्या आयुष्यात ती नक्की जमा झाली.

हीच जागा एका कोपऱ्यात एकत्र करून तिला 'क्रीडांगण' अशी पाटी लावली असती तर काय झाले असते? क्षेत्रफळ तेवढेच राहिले असते. परंतु तिला शेजार मिळाला नसता.

उणी बाजू

केवळ गुणगान करून थांबणे हा इतिहास नव्हे. या चित्राला उणी बाजूही आहे, आणि ती लपविणे योग्य होणार नाही.

नव्या शहराची जमीन रिकामी नव्हती. ९५ गावांतील आगरी, कोळी व इतर शेतकऱ्यांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा यांवर हे शहर उभे राहिले. मिळणारा मोबदला अपुरा, ही त्यांची तक्रार होती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले, आणि १९८४ च्या जानेवारी महिन्याच्या १६ व १७ तारखांस उरण तालुक्यातील जासई व दास्तान फाटा येथे झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व पुढे आले. काळ कोणता, हे पाहावे. बेलापुरात समान भूखंडांचे चौक आखले व बांधले जात होते, तोच हा काळ. कुंपणाच्या आत समतेचा प्रयोग चालू असता कुंपणाबाहेरच्या माणसाला न्याय मागण्यासाठी प्राण द्यावे लागले. वसाहतीचा आराखडा कितीही न्यायाचा असला तरी जमीन कोणाकडून व कशी आली, हा प्रश्न त्याने पुसला जात नाही.

वसाहतीच्या आतही काळाने बदल घडविले. आरंभी रेल्वे नव्हती. वाशीपर्यंत गाडी १९९२ साली आली आणि बेलापूर त्यानंतर जोडले गेले. दळणवळण सुलभ झाले तशी जमिनीची किंमत वाढली. मूळची अनेक घरे पाडून त्यांच्या जागी स्लॅबची दुमजली, तिमजली घरे उभी राहिली. घर वाढू शकावे हाच मूळ हेतू असल्याने या वाढीस दोष देता येणार नाही. परंतु वाढणे वेगळे आणि मोडून नवे करणे वेगळे. वीस हजारांचे घर ज्या गरिबासाठी योजिले होते, तो बाजारभावापुढे किती काळ टिकणार? आराखडा जमीन सारखी वाटू शकतो. ती त्याच हातांत ठेवू शकत नाही.

आम्ही ही वसाहत पाहावयास गेलो तेव्हाचा एक लहानसा अनुभव येथे नमूद करावासा वाटतो. सात घरांच्या एका चौकात आम्ही शिरलो. मध्ये झाड, एका दारापुढे तुळस, भिंतीलगत दोन-तीन दुचाक्या. आम्ही इकडेतिकडे पाहत उभे आहोत तोच एका दारातून एक वृद्ध बाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "कोणाकडे आलात, काका?" आम्ही कारण सांगितले. त्यांनी बसावयास खुर्ची आणली आणि पाणी दिले. नंतर आम्ही मोठ्या मोकळ्या जागेत गेलो. तेथे गवत वाढलेले, कडेला केरकचरा. अर्धा तास बसलो. परंतु कोणाकडे आलात, असे तेथे कोणी विचारले नाही.

या दोन जागांतील अंतर शंभर पावलांचेही नसेल. मग भेद कोठला? चौक सात घरांचा होता. त्यातील केर हा सात जणींपैकी कोणाचा तरी असतो, आणि नसला तरी कोणीतरी काढते. मोठी जागा सर्वांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. घरे बदलली, छपरे गेली, माणसेही पुष्कळ बदलली. तरी पाहिलेल्या लहान चौकांत जीव होता. वास्तुविशारदाने बांधलेले जे होते ते बदलून गेले, आणि त्याने रिकामे सोडले होते ते टिकले! परंतु टिकले तेही जेथे मोजकी, नावानिशी ओळखता येतील अशी कुटुंबे त्याभोवती होती तेथेच.

इंदूरचे उदाहरण

बेलापूरचा प्रयोग एकटा नव्हता. त्याच सुमारास, होळकरांच्या इंदूर शहरी, जेथे मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या, तेथे बाळकृष्ण दोशी यांनी 'अरण्य' ही वसाहत आखली. क्षेत्र सुमारे ८५ हेक्टर, भूखंड सुमारे साडेसहा हजार, आणि त्यांतील बहुतांश गरीब कुटुंबांसाठी. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरांचा. त्यावर पूर्ण घर न देता जोते आणि न्हाणी-संडासाची सोय करून द्यावयाची, आणि पुढचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे, अशी पद्धत. नमुना दाखविण्यासाठी ८० घरे मात्र बांधून दिली. या कामाला १९९५ साली आगाखान पारितोषिक मिळाले, आणि दोशी यांना २०१८ साली प्रिट्झकर हा वास्तुकलेतील श्रेष्ठ सन्मान लाभला. दोन्ही ठिकाणी विचार एकच आहे. घर ही एका दिवसात हातात ठेवावयाची वस्तू नसून ते कुटुंबाबरोबर वाढते. नियोजकाने आरंभ नीट करून द्यावा आणि मोकळ्या जागा राखाव्यात.

आपण काय घ्यावे

आता आरंभी निघालेल्या दोन विषयांकडे वळून आमचे म्हणणे संपवितो.

पुनर्विकासाच्या प्रसंगी आपल्या बंधुभगिनींनी कागदांवर सही करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. नव्या नकाशात मोकळी जागा कोठे आहे, ती किती लांब-रुंद आहे, आणि तिच्याभोवती नेमकी किती कुटुंबांची दारे-खिडक्या येतात, हे विचारावे. मोटारी उभ्या करण्याच्या जागेस मोकळी जागा म्हणू देऊ नये. दोन-तीनशे कुटुंबांची एकच बाग गच्चीवर मिळणार असेल, तर मजल्या-दोन मजल्यांच्या शेजाऱ्यांना मिळून बसता येईल अशी एखादी लहान जागा मागून पाहावी. चाळीत राहिलेल्या वडीलधाऱ्यांना गॅलरीचे मोल सांगावयास नको. बाळंतपणे, आजारपणे आणि परीक्षांचे दिवस त्या गॅलरीच्या आधाराने निभावले. नव्या खोल्यांत सर्व काही आले. परंतु गॅलरीची जागा कशाने भरून काढली, याचा विचार राहून गेला.

वसाहतीविषयी आमचे मत थोडे निराळे आहे, आणि ते कित्येकांस रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. ज्ञातीच्या आधारे घरे बांधण्याचे कारण वर आले आहे. अनोळखी शहरात ओळख हेच तारण होते. त्या पिढीने केले ते काळाला धरून केले, आणि त्याबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु त्याच काळात याच शहरात केवळ जातीचे नाव ऐकून भाड्याच्या खोलीचे दार ज्यांच्या तोंडावर बंद झाले, अशी हजारो माणसे होती, हेही आपण विसरू नये. आपल्या वसाहतीची भिंत आपल्याला ऊब देणारी असली तरी बाहेरच्याला ती भिंतच असते. आज कर्ज बँक देते आणि ओळख कागदपत्रांनी पटते. नात्यागोत्याच्या तारणाची गरज उरलेली नाही. मग उरते काय? शेजाराची गरज. आणि शेजार ज्ञातीवर अवलंबून नसतो. चौकावर अवलंबून असतो. बेलापूरच्या त्या बाईंनी आम्हांस 'कोणाकडे आलात' असे विचारले. 'कोणाचे आहात' असे विचारले नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, संस्थेने वसाहत उभारावयाचे ठरविलेच, तर घरे थोडी लहान झाली तरी चालतील, परंतु सात-आठ घरांमागे एक चौक असावा. भूखंडांत फार अंतर नसावे, म्हणजे आपल्यातील मिळवत्या आणि गरजू कुटुंबांची दारे एकाच चौकात उघडतील. प्रत्येक चौकाची देखभाल त्याभोवतीच्या कुटुंबांकडे नावानिशी सोपविलेली असावी. जमीन ज्यांच्याकडून येईल त्यांस न्याय्य मोबदला मिळाल्याची खात्री करूनच पहिली कुदळ मारावी. आणि त्या चौकांतील काही दारे तरी ज्ञातीबाहेरच्या कुटुंबांची असावीत.

घर बांधणाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवर लागते. चौक बांधणाऱ्याचे नाव कोठेच लागत नाही. तरीही पाट्या बदलत राहतात आणि चौक राहतो. आपल्या संस्थेचे कार्य असे पाटीवाचून टिकणारे व्हावे, ही श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख येथे पुरा करतो.